लेम्पीने शिवलेली खोळ

लेम्पी कार्व्होनेन रागावली की तिचा आवाज खाली जायचा. शिवणयंत्राच्या पायट्यावरचा पाय काढायची, तोंडात धरलेल्या टाचण्या एकेक करून उशीत खोचायची आणि मग इतकं हळू बोलायची की समोरच्याला ऐकायला पुढं वाकावं लागायचं. असं वाकून शिव्या खाताना मी गावातले भले भले पुरुष पाहिलेत. शेजारीच राहत असल्यामुळे अकरा वर्षं मी तिच्याकडे काजं-बटणं करत होते. शिव्या मीही खाल्ल्या. पण एक्याऐंशी सालच्या नोव्हेंबरनंतर तिला जो राग चढला तसा राग मी त्याआधी पाहिला नव्हता.

मिशिगनच्या उत्तर टोकाला आमचं गाव. खाण बंद पडली तरी हरणांची शिकार बंद पडली नाही. पंधरा नोव्हेंबरला, मोसमाच्या पहिल्या दिवशी, शाळेलाही सुट्टी असते, कारण मास्तरच जंगलात असतात. लेम्पी शिकारीचे कपडे शिवायची. लोकरीचे डगले, जाड विजारी, कानांवर ओढायच्या टोप्या. तिचा डगला घेतला की मुलाच्या अंगावर जाईपर्यंत टिकायचा.

अंगावर भडक नारिंगी काहीतरी हवंच असा कायदा येऊन तेव्हा चार वर्षं झाली होती. टोपी, बंडी, काहीही एक. माणसाने माणसाला हरीण समजू नये एवढाच हेतू. पण आमच्या पुरुषांना तो रंग म्हणजे अपमान वाटायचा. बाप-आजे लाल-काळ्या चौकड्यांचा डगला घालून गेले, आणि आपण भोपळा होऊन जायचं का, म्हणायचे. मग लेम्पीच्या दुकानात घासाघीस चालायची. कायदा पाळल्यासारखा दिसावा आणि नारिंगी शक्यतो दिसू नये, असा कपडा प्रत्येकाला हवा असायचा.

तिच्या नवऱ्याचा काका अल्बिन तेव्हा अठ्ठ्याहत्तर वर्षांचा होता. तो एकदा बंडी घेऊन आला.

"हे नारिंगी आतल्या बाजूला घे, लेम्पी. बाहेर तपकिरी लाव."

"आतून कुणाला दिसणार, काका?"

"शिकारखात्याचा माणूस आला तर उलटून घालीन."

"आणि गोळी आली तर?"

"गोळीला काय कळतंय रंगाचं."

"तेच सांगतेय मी. गोळीला कळत नाही. गोळी मारणाऱ्याला कळावा म्हणून आहे तो."

अल्बिनकाकांनी बंडी काखेत मारली आणि रागारागाने निघून गेले. जाताना म्हणाले, "हरणाला लांबून दिसतो तो रंग."

हे मात्र खरं नव्हतं आणि लेम्पीला ते पक्कं माहीत होतं. तिच्या परसात एक जुनं सफरचंदाचं झाड होतं. त्याच्या फांदीला दोरी बांधून ती धुतलेल्या नारिंगी बंड्या वाळत घालायची. हरणं संध्याकाळी येऊन त्या बंड्यांखालून मान घालून पडलेली सफरचंदं खायची. मी स्वतः पाहिलंय, एका मादीच्या कानाला बंडीची नाडी घासत होती तरी ती खात होती. वास आला की पळायची, आपण हललो की पळायची. नारिंगीशी तिला काही देणंघेणं नव्हतं. लेम्पी हे येणाऱ्या प्रत्येकाला सांगायची. लोक ऐकून घ्यायचे आणि परत तेच मागायचे.

तिच्या नवऱ्याचं नाव टाउनो. लाकडाच्या वखारीत करवतीवर काम करायचा. अबोल, हसरा, हट्टी. त्या वर्षी त्याच्या डोक्यात खोळ शिरली. त्याला कुणीतरी लष्करातून उरलेलं हिरव्या-तपकिरी डागांचं कापड दिलं होतं. जंगलात टाकलं तर शोधावं लागेल असं. त्याची त्याला गुडघ्यापर्यंत येणारी खोळ हवी होती, वर टोपरं असलेली.

"बुंध्याला पाठ लावून बसलो की बुंधाच दिसेन मी," तो म्हणाला.

"मग बुंध्यासारखाच मरशील," लेम्पी म्हणाली.

"डोक्यावर नारिंगी टोपी आहे ना. कायद्यात बसतं."

"टोपरं ओढलंस की टोपी झाकली जाणार."

"पाऊस आला तरच ओढीन."

"नोव्हेंबरात पाऊस येणार नाही असं तुला कुणी सांगितलं?"

"लेम्पी, आमच्या कॅम्पात सहा माणसं. वीस वर्षं तीच माणसं, त्याच जागा. कोण कुठं बसलाय हे झोपेतसुद्धा सांगू शकतो आम्ही."

तीन दिवस हे चाललं. रोज कॉफीच्या वेळी तो ते कापड आणून तिच्या मेजावर ठेवायचा आणि काही न बोलता बसून राहायचा. चौथ्या दिवशी तिने कात्री उचलली. मी समोर बसले होते. टोपऱ्यावर निदान नारिंगी तुकडा लावू या असं मी म्हटलं. ती म्हणाली, "तो उसवून टाकेल. माझा दोरा फुकट जाईल." आणि तिने ती खोळ शिवली. चांगली शिवली. लेम्पीला वाईट शिवताच येत नसे.

सतरा तारखेला दुपारपासून बर्फाळ पाऊस लागला. टाउनोने टोपरं ओढलं.

त्या कॅम्पातला हेल्मर ओजा हा टाउनोचा लहानपणापासूनचा मित्र. शाळेत एका बाकावर, वखारीत एका करवतीवर, आणि दर शनिवारी कार्व्होनेनांच्या परसातल्या सौनात वाफ घ्यायला एकत्र. त्याची जागा ओढ्याच्या पलीकडे होती. थंडीने पाय बधिर झाले म्हणून तो उठला आणि कुणाला न सांगता ओढा ओलांडून टेकाडाच्या बाजूने कॅम्पाकडे निघाला. उजेड मावळत होता. नव्वद पावलांवर हेमलॉकच्या झाडीत त्याला काहीतरी हललेलं दिसलं. त्याने नेम धरला आणि चाप ओढला.

गोळी टाउनोच्या उजव्या दंडातून आरपार गेली. हाडाचा चुरा झाला. हेल्मरने त्याला पाठीवर घेऊन दीड मैल चिखलातून रस्त्यापर्यंत आणलं. त्यानेच वाचवलं, असं सगळं गाव म्हणालं. ते खरंच होतं. लेम्पीला तेच सहन होत नव्हतं.

शिकारखात्याचा माणूस इस्पितळात आला तेव्हा लेम्पीबरोबर मीही तिथे होते. टाउनो पांढराफटक पडलेला, पण बोलत होता.

"लिहा की टोपरं मी ओढलं होतं," तो म्हणाला. "टोपी झाकली गेली. चूक माझी."

"आणि चाप कुणी ओढला तेही लिहा," लेम्पी खालच्या आवाजात म्हणाली.

"बाई, तो अपघात होता."

"आपली जागा सोडून निघालात तर ओरडून सांगावं, हा त्यांच्या कॅम्पाचाच नियम आहे. तो मोडला तो अपघात का? काय आहे ते न बघता गोळी घातली, तोही अपघात का?"

त्या माणसाने टाउनोकडे पाहिलं. टाउनोने डोळे मिटून घेतले. "हेल्मरला कशाला त्यात गुंतवता," तो म्हणाला. "त्याला बिचाऱ्याला झोप नाही."

कागदावर एवढंच आलं की जखमी माणूस दिसण्याजोगा नव्हता. हेल्मरचं नाव होतं, पण दोष लिहिला नव्हता.

टाउनो घरी आला. कोपरापासून खालचा हात लोंबकळत राहिला. करवतीवर आता तो उभा राहू शकत नव्हता, वखारीत फळ्या मोजायचं काम त्याला मिळालं. हेल्मर दर शनिवारी येत राहिला. दोघं वाफ घ्यायचे, हेल्मर त्याच्या डोक्यावर पाणी ओतायचा, त्याची बटणं लावून द्यायचा. लेम्पी त्या वेळी माझ्याकडे येऊन बसायची आणि माझ्या खिडकीतून त्या धुराकडे बघत राहायची. हेल्मरशी ती एक शब्द बोलत नव्हती. तो "नमस्कार, लेम्पी" म्हणायचा, ती भिंतीकडे बघायची.

फेब्रुवारीत चर्चच्या तळघरात कॉफी चालू असताना एक बाई मला म्हणाली, "काय पण नशीब. बायकोनेच शिवून दिलेली खोळ." लेम्पी माझ्या मागेच उभी होती. तिने हातातली थाळी खाली ठेवली आणि त्या बाईच्या कानाशी जाऊन म्हणाली, "हो, मी शिवली. गावात तेवढं एक माझ्याच तोंडून निघतंय, की मी चुकले. बाकी कुणाचंच काही चुकलं नाही ना?" मग कोट घेऊन बाहेर पडली. घरापर्यंत बर्फातून इतक्या जोरात चालली की मला मागे पळावं लागलं.

दारात पोचल्यावर ती म्हणाली, "माझ्यावरचा राग मी बघून घेईन. तो माझा आहे. पण हे सगळे मिळून एका कापडाला दोषी ठरवतायत. कापड उठून गोळी घालतं का?"

ती खोळ तिने जपून ठेवली होती. मिठाच्या थंड पाण्यात चारदा भिजवून रक्त काढलं, पण दोन भोकं रफू केली नाहीत. मी जाळून टाक म्हटलं. तिने माझ्याकडे असं पाहिलं की मी पुन्हा विषय काढला नाही.

उन्हाळा गेला. सप्टेंबरच्या शेवटी ऑर्डरी यायला लागल्या. एका दुपारी अल्बिनकाका आले, कॅम्पातले आणखी दोघं बरोबर. टाउनोही दाराशी उभा होता.

"लेम्पी," काका म्हणाले, "टाउनोला शिवलीस तशी खोळ आम्हाला हवी. तिघांना."

यंत्र थांबलं.

"कशी खोळ?"

"तशीच. डागांच्या कापडाची. आता झालं ते वाईटच झालं, पण एक मान्य करायला हवं, त्या खोळीत माणूस खरंच दिसत नाही. हेल्मरसारख्या जुन्या शिकाऱ्याला दिसला नाही, तर हरणाला काय दिसणार?"

हे बोलताना त्यांच्या आवाजात कौतुक होतं. मी लेम्पीकडे बघायचं धाडस केलं नाही. टाचण्या एकेक उशीत जात होत्या. सात मोजल्या मी.

"टाउनो," ती म्हणाली, "ऐकलंस?"

टाउनोचा चेहरा उतरला होता.

"तुझा हात गेला, आणि या लोकांना शिवण आवडली."

"अगं, तसा अर्थ नव्हता माझा," काका म्हणाले.

"मग कसा होता? नीट सांगा. मी बाई माणूस, मला पुरुषांचं बोलणं लवकर कळत नाही."

काका पुढं वाकले होते. ते मागे सरले. "शिवायचं नसेल तर नको शिवू."

"शिवते," लेम्पी म्हणाली. "पण आधी एक काम करायचं. आठ नोव्हेंबरला संध्याकाळी अख्ख्या कॅम्पाने टेकाडापाशी यायचं. बंदुका घरी ठेवून. हेल्मरलाही आणा. आणि काका, तुमचा तो लाल-काळा डगला उसवलाय, तो ठेवून जा. शिवून ठेवते."

त्यानंतरचे पाच आठवडे तिने झोकून देऊन काम केलं. नारिंगी कापडावर तिने काळे-तपकिरी डाग शिवून पाहिले, मोठे, छोटे, उभे, आडवे. प्रत्येक नमुना कुंपणावर टांगायचा, नव्वद पावलं मागे जायचं, संध्याकाळ व्हायची वाट बघायची. डाग फार झाले की अंधारात सगळं मिळून मातीचा गोळा दिसायचा. डाग नसले की पुरुष घालणार नाहीत. शेवटी तिने ठरवलं की कमरेखाली हवे तेवढे डाग असू देत, माणसाचा आकार तिथे मोडला तरी चालेल. पण छाती, पाठ, दोन्ही खांदे आणि टोपरं सबंध नारिंगी. पाठीवरची पिशवी नारिंगीला झाकते म्हणून पिशवीलाही नारिंगी अभ्रा. साबणसुद्धा बदलला, कारण दुकानातल्या पांढरं शुभ्र करणाऱ्या साबणाने कपडा हरणाला चमकतो असं तिला कळलं होतं. एवढं करताना ती सतत कुणावर तरी पुटपुटत असायची. कधी हेल्मर, कधी काका, कधी कायदा करणारे, ज्यांनी एका टोपीवर भागवलं होतं. पुष्कळदा स्वतःच.

एका सकाळी मी आले तर टाउनो तिच्यासमोर बसला होता. दोघांचेही डोळे लाल. मला फक्त शेवटचं वाक्य ऐकू आलं. तो म्हणत होता, "बरं. मी येतो."

आठ तारखेला पाऊस नव्हता, पण आभाळ खाली आलेलं होतं. टेकाडाच्या पायथ्याशी पाचजण जमले. हेल्मर सगळ्यांच्या मागे, हात खिशात. मी मांस-बटाटा भरलेल्या पेस्ट्यांची टोपली घेऊन गेले होते, पण कुणी हात लावला नाही. टाउनो कुठाय असं काकांनी विचारलं. लेम्पी म्हणाली, "येतोय."

उजेड मावळता मावळता तिने त्यांना एका ओळीत उभं केलं आणि समोरच्या हेमलॉकच्या झाडीकडे बोट दाखवलं.

"नव्वद पावलं आहेत. मी मोजलीत. तिथे कपडे टांगलेत. किती आहेत ते सांगा. घाई नाही, हेल्मरने घेतला त्याच्यापेक्षा जास्त वेळ घ्या."

पुरुष बघू लागले.

"दोन," एकजण लगेच म्हणाला. "एक सबंध नारिंगी बंडी, एक ती डागांची, खांदे नारिंगी असलेली."

"आणखी?"

"तिकडे खाली एक टोपी," दुसरा बऱ्याच वेळाने म्हणाला. "टोपीखाली काय आहे ते नाही कळत."

"तीन झाले. आणखी?"

काका डोळे बारीक करून बघत होते. "माझा डगला पण टांगलायस ना? कुठाय तो?"

"तुम्ही सांगा."

"लाल आहे तो. दिसायलाच पाहिजे."

"शोधा मग."

काका दोन पावलं पुढं गेले, मान इकडे-तिकडे केली, आणि वैतागले. "टांगलाच नाहीस तू."

"डावीकडच्या जाड बुंध्याला आहे. तुमच्या वडिलांच्या डगल्याचा लाल रंग या वेळेला काळा होतो, काका. चाळीस वर्षं तुम्ही काळे होऊन फिरताय."

कुणीतरी हसायला लागलं आणि थांबलं.

"म्हणजे चार," काका म्हणाले.

"हेल्मर," लेम्पी म्हणाली. जवळजवळ एका वर्षाने तिने त्याला हाक मारली. "तू सांग. किती?"

हेल्मर एकाच जागी बघत होता, उजवीकडच्या पडलेल्या ओंडक्याशी. तिथे काहीच नसल्यासारखं दिसत होतं. मलाही काही दिसत नव्हतं, आणि मला तर माहीत होतं.

"चार," तो म्हणाला.

"टाउनो," लेम्पी म्हणाली, आणि या वेळी तिचा आवाज मोठा होता, अख्ख्या टेकाडावर गेला. "हात वर कर."

ओंडक्याशेजारची माती हलली आणि तिच्यातून एक डावा हात वर आला. मग टोपरं मागे पडलं, आणि टाउनोचं पांढरं डोकं दिसलं. तो एवढा वेळ आमच्या समोरच बसलेला होता, त्याच खोळीत, दंडावरच्या भोकांसकट.

हेल्मर ओल्या पाल्यावर खाली बसला. टाउनो झाडीतून चालत येईपर्यंत तो तसाच होता.

"मी पाहिलंच नव्हतं," हेल्मर म्हणाला. "सगळ्यांना सांगितलं की हरणाची पाठ दिसली. पाठ नव्हती दिसली. काहीतरी हललं, एवढंच. मला थंडी वाजत होती, दिवस संपत होता, रिकाम्या हाताने जायचं नव्हतं. हललं आणि मी मारलं."

"वर्षभर हे का नाही सांगितलंस?" लेम्पीने विचारलं.

"टाउनोच म्हणाला, राहू दे."

"टाउनोला नाही विचारलं. तुला विचारलं."

टाउनो हेल्मरजवळ उभा राहिला. मला वाटलं तो नेहमीसारखा काहीतरी मऊ बोलेल. तो म्हणाला, "मला माहीत होतं तुला पाठ दिसली नाही. मी बसलेलो होतो. बसलेल्या माणसाची कसली पाठ दिसते. पण तू सांगशील म्हणून वाट बघत होतो, हेल्मर. प्रत्येक शनिवारी."

एवढं बोलून तो लेम्पीच्या शेजारी जाऊन उभा राहिला. तिने त्याच्या अंगावरची खोळ काढली आणि स्वतःचा कोट त्याच्या खांद्यावर टाकला.

त्या वर्षी कॅम्पातल्या तिघांनी तिच्याकडून नवे डगले शिवून घेतले, खांदे-पाठ सबंध नारिंगी असलेले. एकाने शिवून घेतला नाही. शहरातून डागांचं जाकीट मागवलं, आणि कॅम्पवाल्यांनी त्याला सरळ सांगितलं की हे घालून आलास तर आमच्याबरोबर यायचं नाही. अल्बिनकाकांनी बापाचा डगला सोडला नाही, पण त्यावर नारिंगी बंडी चढवली आणि वाटेत भेटेल त्याला सांगत सुटले की ही कल्पना त्यांचीच. लेम्पीने ते ऐकलं आणि नुसतं नाकाने हवा सोडली.

हेल्मर स्वतः शिकारखात्याच्या कचेरीत जाऊन खरं काय ते लिहून आला. त्याचा परवाना तीन वर्षांसाठी गेला. डिसेंबरात तो दुकानात आला आणि दाराशीच उभा राहिला.

"मला पण शिव," तो म्हणाला. "बंदूक नाही नेणार. टाउनोबरोबर नुसता जाईन. हरीण पडलं तर ओढायला कुणीतरी लागेल त्याला."

लेम्पीने टाचण्या काढल्या नाहीत. फीत घेऊन उठली, त्याचे हात धरून आडवे केले, आणि छातीभोवती फीत इतकी करकचून आवळली की तो कळवळला.

"श्वास सोड," ती टाचण्यांमधून म्हणाली. "माफ केलेलं नाही मी तुला. बाह्या लांब हव्यात की बेताच्या?"

"बेताच्या."

डगला त्याला चांगला झाला. शिवला होता जंगलासाठी, पण तो गावातच घालून फिरू लागला, पोस्टात, दुकानात, चर्चमध्ये, जानेवारीपासून रोज. लोक बघायचे. का घालतो ते त्याने कुणाला सांगितलं नाही. एप्रिलमधल्या एका सकाळी लख्ख ऊन होतं आणि तो पोस्टाच्या पायऱ्यांवर बसला होता. लेम्पी रस्त्याच्या पलीकडून जात होती. ती थांबली, रस्ता ओलांडून त्याच्याजवळ गेली आणि बाहीचं कापड चिमटीत धरून उजेडात पाहिलं.

"उन्हात रंग उडतो याचा," ती म्हणाली, नेहमीच्या खालच्या आवाजात. "उडाला की तपकिरीच समज. काढ तो आणि घरात टांग. शिक्षा भोगायची असेल तर दुसऱ्या कशात भोग, माझ्या डगल्यात नको."

हेल्मरने डगला काढला, उलटा घडी करून मांडीवर ठेवला आणि नुसत्या सदऱ्यात बसून राहिला.